काथ्याची भिंत

कालामेर्लाच्या जाळ्यावर नवा माणूस कामाला लागला की लिबोरियो त्याला आधी दोन शिव्या हासडायचा आणि मग जाळ्याची मेख सांगायचा.

"हे बघ, हे जाळं माशाला अडवत नाही. अडवायची ताकदच नाही त्यात. काथ्याची दोरी ही. आत येणारा एकेक ट्यूना तुझ्यासारख्या तिघांच्या वजनाचा. त्यानं मनावर घेतलं तर एका धडकेत भोक पाडून जाईल. पण तो धडक देत नाही. त्याला वाटतं, ही भिंत आहे. भिंत दिसली की तो तिच्या कडेकडेनं चालतो, सरळमार्गी माणसासारखा. आपली भाकरी त्याच्या ह्या विश्वासावर आहे. तेव्हा जाळ्यावर उभं राहून खिदळायचं नाही."

शेवटचं वाक्य नव्या माणसाला कळायचं नाही, आणि जुने खलाशी एकमेकांना कोपर मारायचे. राइसचं प्रवचन त्यांना पाठ होतं. लिबोरियो त्या जाळ्याचा राइस, म्हणजे तांडेलांचा तांडेल. जाळं कुठे उतरवायचं, दार कधी उघडायचं, मासा कधी मारायचा, सगळं त्याच्या एका शब्दावर. मे आणि जून महिन्यांत गावचे पाद्री फादर आन्सेल्मोसुद्धा त्याला विचारून घंटा वाजवायचे, कारण घंटेनं मासे बुजतात असं गाव मानायचं. फादर मानत नसत, पण पाद्र्यालाही मासळी लागतेच.

सिसिलीच्या त्या पश्चिम टोकाला बाकी होतं काय? मीठ, दगड आणि वारा. जाळं होतं म्हणून गाव होतं. वसंत आला की किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत काथ्याची लांबच लांब भिंत सोडायची, तिच्या टोकाला जाळ्याच्याच खोल्या, खोलीला खोली लागून, आणि प्रत्येक दोन खोल्यांमध्ये जाळ्याचंच दार, दोरीनं वर-खाली होणारं. शेवटच्या खोलीला तेवढा तळ. तिला मरणाची खोली म्हणायचे. मासा तिथवर आला की चारी बाजूंनी होड्या लावून, गाणी म्हणत, तो तळ हातांनी वर ओढायचा.

आणि मासा तरी कसा! महासागरातून अरुंद सामुद्रधुनी ओलांडून आत यायचा तो अंडी घालायला. येताना पाठ निळीकाळी, पोट चांदीचं, अंगात चरबी ठासलेली, मादीच्या पोटात गाभोळी. परत जाताना खंगलेला, चामडं आणि काटे. हा मासा जन्मात थांबत नाही. थांबला तर गुदमरतो. आणि त्याचं रक्त गरम. बाकीची मासळी हाताला थंडगार लागते, ह्याच्या कापलेल्या अंगाला हात लावला तर कोमट लागतो. लिबोरियोला त्या कोमटपणाची तरुणपणी भीती वाटायची. पुढे सवय झाली. गावातले म्हातारे आणखी एक सांगायचे की ट्यूना समुद्राकडच्या डोळ्यानं जागा असतो, किनाऱ्याकडच्या डोळ्यानं बघतच नाही, कारण किनाऱ्यावर त्याचा भरवसा असतो. खरं-खोटं देव जाणे. पण लिबोरियोला हे पटायचं.

दाराची दोरी मोमोच्या हातात असायची. मोमो त्याचा कुंपारे. मोमोच्या मुलाला, बार्तोलोला, बाप्तिस्म्याच्या वेळी लिबोरियोनं धर्मबाप म्हणून हातावर घेतलं होतं. त्या दिवसापासून ते दोघं कुंपारे झाले, आणि कालामेर्लात हे नातं रक्ताच्या नात्याच्या वर. सख्खे भाऊ भांडले तर चारचौघं मध्ये पडायचे. कुंपारे भांडले तर लोक दारं लावून घ्यायचे, कारण हे नातं संत जॉनच्या साक्षीनं जुळतं आणि संत जॉनला दगा खपत नाही, असं तिथलं शेंबडं पोरही सांगायचं. लिबोरियो आणि त्याची बायको फिलिप्पा, दोघांना मूल नव्हतं. बार्तोलो त्यांच्याच घरात खाऊन-पिऊन मोठा झाला. समुद्राचे रंग, पक्ष्यांची घिरटी, प्रवाहाची लहर, जे काही लिबोरियोला येत होतं ते सगळं त्यानं त्या पोराच्या डोक्यात ओतलं. आपल्यामागे राइस व्हायचा तो बार्तोलोच, ह्यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

बार्तोलो मोठा झाला आणि लोखंडी जहाजावर गेला.

ही जहाजं तेव्हा नवीच आली होती. बाहेर खोल समुद्रात थांबायची, वर विमान फिरायचं, विमानातल्या माणसाला कळप दिसला की जहाज धावत जाऊन भोवती नायलॉनचं गोल जाळं टाकायचं आणि पोतं आवळावं तसं खालून आवळायचं. काथ्याच्या भिंतीपर्यंत यायला मासा उरायचाच नाही. गाव त्या जहाजांच्या नावानं थुंकायचं. लिबोरियो मात्र सांगायचा, "शिकून येऊ दे पोराला. चार घरचं जेवल्याशिवाय घरच्या आमटीची चव कळत नाही." जाळ्यावरचा तिखट जिभेचा स्तेफानो त्यावर म्हणायचा, "राइस, तो आमटी नाही खात, तो पातेलं घेऊन चाललाय." सगळे हसायचे. लिबोरियो हसायचा नाही.

असे दोन वसंत जवळजवळ कोरडे गेले. तिसऱ्या वर्षी जाळ्याची मालकीण दोन्ना एर्सिलिया शहरातून आली, नांगरांच्या ढिगावर छत्री टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "राइस, माझ्या आजोबांचं जाळं आहे हे, मलाही जीव तुटतो. पण ह्या वर्षी एकदा तरी मरणाची खोली भरलेली मला दाखवा. नाही भरली, तर पुढच्या वर्षी जाळं उतरणार नाही." तिनं आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. लिबोरियो टोपी काढून एवढंच म्हणाला, "दाखवतो."

आणि मासे आले. मे सबंध रडवून जूनच्या सुरुवातीला आले. लिबोरियो आपल्या काळ्या होडीत पालथा पडून काचेच्या बुडाची बादली पाण्यात दाबून बघत होता. आधी नुसती निळाई. मग त्या निळाईत एक सावली वळली, तिच्यामागे दुसरी, आणि मग मोजायला डोळे पुरेनात.

"काय दिसतंय?" मोमोनं दाराच्या होडीतून विचारलं.

"गप्प बस जरा."

"अलालुंगा असतील, ती ट्यूनाची बारकी जात. म्हातारे झाले डोळे तुझे, कुंपारे."

"अलालुंगाचे छातीचे पर लांब असतात, तुझ्या जिभेसारखे," लिबोरियो बादलीतून तोंड न काढता म्हणाला. "ह्यांचे आखूड आहेत. शेपटीजवळचे बारके पर पिवळेधमक. आणि धूड बघ, धूड! एकेक मादी गाभण म्हशीएवढी. अरे मोमो, ये इकडे, बघ, आपले दिवस आले रे!"

मोमोनं येऊन बघितलं. बराच वेळ बघितलं. मग छातीवर क्रूस केला आणि म्हणाला, "खरंच आले." त्याच्या आवाजात आनंद का नाही हे लिबोरियोच्या ध्यानात आलं नाही. आनंदात माणूस दुसऱ्याचा आवाज ऐकत नाही.

पण मारायचा दिवस काही लगेच जुळेना. प्रवाह इतका जोराचा होता की तळ ओढला असता तर होड्या एकमेकींवर आपटल्या असत्या. मासे कितीतरी दिवस आतल्या खोल्यांत फिरत राहिले, भिंतीला मुस्कट घासत, गोल गोल. प्रवाह निवळला तो नेमका संत आंतोनियोच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी. आणि सणाला कालामेर्लाचा माणूस पाण्यात लोखंड घालत नाही. आकडा नाही, नांगर नाही, सुरीसुद्धा नाही. सगळे खलाशी मिरवणुकीला, संताच्या पालखीला खांदा द्यायला. जाळ्यावर राखणीला एकच माणूस ठेवायचा, हा रिवाज. कुणा शहरी माणसानं ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता. सगळ्या गावाचं पोट पाण्यात, आणि राखायला एक जण! पण तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

"मी थांबतो," मोमो म्हणाला. "तू संताला खांदा दे. परवा मारू."

"तुझी सणाची मेजवानी बुडेल की रे."

"बुडू दे. फिलिप्पाला म्हणावं, माझा वाटा बार्तोलोला वाढ. येतोय तो सणाला."

बार्तोलो आला. नवा शर्ट, चकचकीत बूट. दारातच वाकला, लिबोरियोच्या हाताचं चुंबन घेतलं. "आशीर्वाद द्या, बाबा."

"पवित्र राहा. बस. फिलिप्पा, पोराला वाढ गं! जहाजावर डबे खाऊन बघ कसं झालंय ते."

फिलिप्पानं माशाच्या रश्श्यातला कुस्कुस डोंगराएवढा वाढला. लिबोरियोला किती सांगू आणि किती नको असं झालं होतं. एवढा मासा गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता, आणि ऐकायला कोण बसलं होतं तर ज्याला सगळं शिकवलं तोच.

"कुठल्या खोलीत आहेत?" बार्तोलोनं विचारलं.

"पश्चिमेकडच्या. मुद्दाम तिथेच ठेवलेत, ऐसपैस फिरायला."

"आणि समजा, बाबा, बाहेरचं दार चुकून उघडं राहिलं, तर जातील?"

"चाचणी घेतोस काय माझी?" लिबोरियो खूश होऊन हसला. "सकाळी उघडं टाकलंस तरी एक जाणार नाही. दुपारी प्रवाह उलटतो. प्रवाह उलटला की तो तोंड फिरवतो आणि पाण्याला सामोरा होतो. तेव्हा दार उघडं असलं तर गाईंसारखे रांगेनं बाहेर पडतील आणि काळ्या खडकाच्या दक्षिणेनं सरळ खोल पाण्याला लागतील. घाबरलेले नसतात ना, म्हणून कळप फुटत नाही. विसरला नाहीस अजून, म्हणजे परत येणार तू. ऐकलंस का गं? परत येणार आपलं पोर!"

बार्तोलोनं ताट सारलं. जहाज दुपारीच सुटतंय, म्हणाला, मिरवणुकीला थांबता येणार नाही. पुन्हा हाताचं चुंबन घेतलं आणि गेला. फिलिप्पा त्याच्या ताटाकडे बघत राहिली. "निम्मं टाकलंन," ती म्हणाली. "लहानपणापासून कधी टाकलं नव्हतं."

"नवे बूट चावत असतील," लिबोरियो म्हणाला.

त्या दुपारी त्यानं संताची पालखी सबंध गावातून वाहिली. देऊळ टेकाडाच्या अलीकडे, जाळं टेकाडाच्या पलीकडे. बँडवाले वाजवत होते, बायका खिडक्यांतून फुलं टाकत होत्या, आणि खांदा सोलवटला तरी लिबोरियोनं पालखी दुसऱ्याला दिली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्या होड्या निघाल्या. राइसनं नेहमीप्रमाणे एकेका संताच्या नावानं प्रार्थना म्हटली, खलाशांनी साथ दिली. मग तो होडीत पालथा पडला आणि बादली पाण्यात दाबली.

निळाई होती. नुसती निळाई.

त्यानं जागा बदलली. पुन्हा बघितलं. एका खोलीवरून दुसऱ्या खोलीवर, तिथून परत. त्याच्या पाठीकडे बघूनच सगळ्यांना कळलं होतं. पश्चिमेच्या खोलीत एक चुकार बांगड्याचा थवा तेवढा चमकून गेला. लिबोरियो उठून बसला तेव्हा त्याच्या तोंडावरून पाणी निथळत होतं, आणि बादलीचं पाणी कुठलं नि डोळ्यांचं कुठलं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मोमो दाराच्या होडीत मान खाली घालून बसला होता. "शार्क आला," तो म्हणाला. "काल दुपारी. पांढऱ्या पोटाचा, होडीएवढा. मासे बिथरले, दारावर गेले. दोरी माझ्या हातातून सुटली, कुंपारे. एकटा होतो मी."

"शार्क आला तर जाळं फाटतं," स्तेफानो म्हणाला. "जाळं फाटलं नाही. दार उघडलं. दार माणूस उघडतो."

"तोंड सांभाळून बोल!" लिबोरियो ओरडला.

"मी एकटाच बोलतोय, बाकीचे मनात म्हणताहेत. एवढा मासा हातावर तुरी देऊन गेला आणि ह्याच्या तळव्याला दोरीचा एक वळ नाही. दाखव म्हणावं हात."

मोमोनं हात दाखवले नाहीत. आणि लिबोरियोनं ते बघितलं नाही. बघायचंच नव्हतं त्याला. तो होडीत उभा राहिला, जाळ्यावर उभारलेल्या संतांच्या तसबिरींच्या क्रूसाला हात लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा माझा कुंपारे आहे. त्यानं शार्क म्हटलं म्हणजे शार्क. संत जॉनची शपथ घेऊन सांगतो, ह्याच्या मनात खोट नाही. कुणाला शंका असेल तर ती माझ्यावर घ्या."

राइसनं क्रूसाला हात लावून शपथ घेतली म्हणजे विषय संपला. होड्या रिकाम्या परतल्या. दोन्ना एर्सिलियाचा निरोप आला की तिनं दिलेला शब्द तिलाही मोडता येत नाही.

जाळ्याचे नांगर उचलायला मोठी बोट लागते, ती ठरवायला लिबोरियो शहराच्या बंदरात गेला. मन इतकं बधिर झालं होतं की समोर काय आहे तेही दिसत नव्हतं. पण ट्यूनाचा वास आला आणि पाय आपोआप वळले. धक्क्यावर एक लोखंडी जहाज लागलं होतं, बार्तोलोचं. यारी एकेक मासा शेपटीला धरून वर घेत होती आणि धक्क्यावर मांडत होती. भोवती दलालांचा गलका. "काय घबाड लागलं म्हणे! काळ्या खडकाच्या दक्षिणेला!"

लिबोरियो जवळ गेला. आखूड पर. पिवळे बारके पर. पोटं गाभोळीनं तटतटलेली. आणि सगळ्यांची मुस्कटं घासलेली, कातडी उडून पांढरी पडलेली. एकाचं नाही, दोघांचं नाही, रांगेतल्या प्रत्येकाचं.

खुल्या समुद्रातला ट्यूना आयुष्यात कशाला मुस्कट घासत नाही. घासायला तिथे आहेच काय? दिवसच्या दिवस काथ्याच्या भिंतीशी फिरलेला मासाच असा दिसतो. त्यानं गुडघे टेकले, एका मादीचा कल्ला उचलला आणि आत बोटं घातली. तांबड्या झालरीत अडकलेला एक तंतू हाताला लागला. त्यानं तो ओढून काढला. काथ्या. गेल्या हिवाळ्यात फिलिप्पानं आणि त्यानं अंगणात बसून वळलेला काथ्या.

त्यानं तो तंतू मुठीत मिटला आणि उठला.

जहाजाच्या कठड्याशी बार्तोलो उभा होता. त्याच्या डोक्यावर कप्तानाची नवी टोपी होती. दोघांची नजरानजर झाली. सवय ती सवय, पोरगा फळीवरून खाली उतरला, वाकला आणि म्हणाला, "आशीर्वाद द्या, बाबा." त्यानं चुंबन घेतलं त्याच हाताच्या मुठीत तो तंतू होता. लिबोरियोनं आशीर्वाद दिला नाही, शापही दिला नाही. हात सोडवून घेतला आणि चालू लागला.

मोमो जाळ्याच्या कोठारात घड्या घालत होता. पुन्हा उलगडायच्या नसलेल्या घड्या. लिबोरियोनं तो तंतू त्याच्या पुढ्यात ठेवला.

मोमोनं बघितलं. घडी पुरी केली. "कुठे मिळाला?"

"कल्ल्यात. तुझ्या पोराच्या जहाजावरच्या माशाच्या."

"माझ्या एकट्याचा का तो? तुझाही पोरगाच आहे तो, कुंपारे. एक मोठं घबाड आणलंस तर कप्तान करतो, असं जहाजाचे मालक म्हणाले होते त्याला. नाहीतर काढणार होते. बायको पोटुशी आहे त्याची. काय करायचं होतं मी?"

"मला विचारायचं होतंस."

"तू हो म्हणाला असतास?"

"नसतो म्हणालो!"

"मग?" मोमो पहिल्यांदा मान वर करून म्हणाला. "जाळं मरतच होतं. आज नाही तर पुढच्या साली. मरणाऱ्याच्या अंगावरचं घोंगडं काढून जित्याला घातलं, एवढंच केलं मी."

"मी मेलो नव्हतो, मोमो."

इतक्या वर्षांत त्यानं त्याला नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. मोमोच्याही ते ध्यानात आलं. त्याचे डोळे भरले, पण तो बोलला ते असं की भरलेल्या डोळ्यांची कीव येण्याऐवजी संताप यावा. "आणि शपथ तू घेतलीस. मी घे म्हटलं नव्हतं."

कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर शेतालाच विचारलं, तू उगवलंस कशाला. लिबोरियोला त्याच्या कानशिलात मारावीशी वाटली. मारली नाही. बोलायला तोंड उघडलं, तर तिथे संत जॉनची शपथ आडवी आली. आता खरं सांगायचं म्हणजे क्रूसावर हात ठेवून आपण खोटं बोललो हे सांगायचं. आपलेच दात, आपलेच ओठ. तो घरी आला आणि मूग गिळून बसला.

गावाला कारण हवं होतं. शपथेमुळे मोमोकडे बोट दाखवता येईना, मग ते बोट फिरून राइसकडेच आलं. मासा होता असं म्हणतो कोण? राइस. बादलीतून बघितला कुणी? राइसनं. म्हाताऱ्याला भास झाला, असं हिवाळा येईतो पाववाल्याच्या भट्टीपाशी लोक खुशाल बोलायला लागले. जाळं गेलं म्हणून तरणी पोरं बॅगा उचलून उत्तरेला कारखान्यांत गेली, आणि जाताना त्याला सलाम करीनाशी झाली. ज्या माणसानं सावलीवरून मासा ओळखण्यात जन्म घालवला, त्याला लोक विचारायचे, "काय राइस, आज काय काय दिसलं?"

फिलिप्पाचा जीव तळमळायचा. "मी सांगते भट्टीवर जाऊन. सगळ्यांदेखत सांगते."

"नाही सांगायचं."

"का? केसानं गळा कापला त्यांनी तुझा! तू संत व्हायला निघालायस की गाढव?"

"शपथ घेतलीय मी."

"मग गाढवच," ती म्हणायची, आणि एप्रनला डोळे पुसून त्याच्यापुढे ताट ठेवायची.

पुन्हा वसंत आला. ज्या आठवड्यात जाळ्यावर संतांचा क्रूस उभारायचा, त्याच आठवड्यात बार्तोलो मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. मुलगा झाला होता. बाप्तिस्म्याला त्याला बाबांनीच हातावर घ्यावं, अशी इच्छा होती. तो लिबोरियोच्या तोंडाकडे बघत नव्हता, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघत होता. घ्यायला आलेला माणूस देणाऱ्याच्या थाटात उभा होता. ह्या बाबानं ते पोर हातावर घेतलं की गावापुढे सगळं धुऊन निघणार होतं, बापाचं आणि आजोबाचं.

कालामेर्लात मेलेल्याला खांदा आणि बाप्तिस्म्याला हात नाकारत नाहीत. लिबोरियोनं फिलिप्पाकडे बघितलं.

"जा," ती म्हणाली. "पण जाताना तोंड घरी ठेवून जाऊ नकोस."

देऊळ भरलं होतं. जाळ्यावरचे उरलेसुरले सगळे आले होते, स्तेफानोही, हाताची घडी घालून खांबाला टेकलेला. मोमो पहिल्या रांगेत, नव्या कोटात. मूल लिबोरियोच्या हातात दिलं. त्याच्या अंगाचा कोमटपणा कपड्यांतून हाताला लागला आणि लिबोरियो क्षणभर चरकला.

फादर आन्सेल्मो जुन्या वळणाचे. बाळाच्या वतीनं धर्मबापानं उत्तर द्यायचं, हीच त्यांची रीत. त्यांनी विचारलं, "सैतानाचा त्याग करतोस?"

लिबोरियो गप्प.

त्याला ऐकू आलं नसेल असं वाटून फादरनी आवाज चढवला. "सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या कपटाचा त्याग करतोस?"

"फादर," लिबोरियो म्हणाला, "ह्याच पाण्यापाशी, तुम्हीच, मला हेच विचारलं होतं. ह्याच्या बापाला हातावर घेऊन मी उभा होतो. त्याच्या वतीनं हो म्हटलं होतं मी. ते खोटं ठरलं. पुढे जाळ्यावर, क्रूसाला हात लावून, ह्याच्या आजोबाच्या वतीनं शपथ घेतली. तीही खोटी ठरली. दोन्ही पापं माझ्या डोक्यावर आहेत. आता मी कुणाच्या वतीनं बोलत नाही."

बार्तोलो पुढे झाला, पण त्याची बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि तिनं त्याची बाही धरली. लिबोरियो दोन पावलं चालला आणि मूल अलगद मोमोच्या हातात दिलं. कपड्याचं टोक नीट केलं, बाळाचं डोकं त्याच्या कोपरावर टेकवलं.

"तू उत्तर दे," तो म्हणाला. "संत जॉन ऐकतोय."

मोमोनं तोंड उघडलं. फादर थांबले, देऊळ थांबलं, खांबाला टेकलेला स्तेफानो सरळ झाला. मोमोच्या तोंडातून शब्द फुटला नाही. मूल रडायला लागलं आणि बराच वेळ फक्त तेच रडत राहिलं.

मागच्या बाकावरून फिलिप्पा उठली, नवऱ्याची टोपी घेऊन पुढे आली आणि त्याच्या हातात दिली. दोघं बाहेर निघाले तेव्हा जाळ्यावरच्या माणसांनी एकेक करून वाट दिली आणि हातातल्या टोप्या छातीशी धरून सलाम केला.